कापडाची रीत धातूत: केंटे आणि बोगोलानवरून दागिने घडवताना

आफ्रिकी कापडावरून मी केलेला पहिला दागिना म्हणजे एक ब्रोच होता. प्रदर्शनातून आणलेल्या छापील कापडाचा गोल तुकडा पितळेच्या उथळ वाटीत बसवला, वर रेझिन ओतलं आणि मागे पिन लावली. लोकांना आवडला. मला मात्र तो दोन दिवसांत खुपायला लागला. कापडाचं सगळं कापडपण त्या काचेसारख्या थराखाली गाडलं गेलं होतं. त्याचा पोत, त्याचं वळणं, त्यातले धागे, काहीच हाताला लागत नव्हतं. उरलं होतं ते फक्त रंगीत चित्र.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की ते कापड वॅक्स प्रिंट होतं आणि त्याची सुरुवात जावा बेटावरच्या बाटिकची (मेणाने रंग अडवून केलेल्या कापडाची) यंत्रावर नक्कल करण्यातून झाली. नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावात १८४६ साली सुरू झालेली व्लिस्को ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध गिरणी. हे कापड पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात रुजलं, तिथल्या व्यापारी बायकांनी एकेका नक्षीला नावं दिली, म्हणी जोडल्या आणि ते त्यांचं झालं. त्यामुळे वॅक्स प्रिंट वापरू नये असं मी म्हणणार नाही. पण हातमागावर, हाताने रंगवून, हाताने भरून केलेल्या कापडांकडे वळल्यावर दागिन्याची वाट मला सापडली. त्या कापडांत नक्षी वरून चिकटवलेली नसते, ती करण्याच्या पद्धतीतूनच उगवते. आपण ती पद्धत धातूत उतरवायची, नक्षीची नक्कल करायची नाही. या लेखातली प्रत्येक पायरी याच एका गोष्टीभोवती आहे.

धातूचं कापड होऊ शकतं याची शंका असेल, तर एल अनात्सुई यांचं काम पाहा. घानात १९४४ साली जन्मलेले हे शिल्पकार आयुष्याचा मोठा काळ नायजेरियातल्या न्सुक्का इथे राहिले. दारूच्या बाटल्यांची हजारो ॲल्युमिनियमची बुचं चपटी करून, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून ते भिंतभर पडदे करतात. लांबून पाहिलं तर केंटे, म्हणजे घानातलं अरुंद पट्ट्या जोडून केलेलं हातमागाचं कापड, वाटावं असं. पण त्यांनी केंटेचं चित्र काढलेलं नाही. छोटे तुकडे जोडून मोठं वस्त्र करायचं ही त्याची रीत घेतली आहे. २०१५ साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला.

आधी एकच कापड निवडा

आफ्रिकेत ५४ देश आहेत. “आफ्रिकन पॅटर्न” नावाची कुठलीही एक गोष्ट नाही. ज्या दागिन्यात केंटेचे रंग, बोगोलानच्या रेघा आणि मसाई मणी एकत्र येतात, तो कुठलाच राहत नाही. म्हणून एका दागिन्याला एकच कापड, आणि त्या कापडाला नाव, गाव, माणसं. दागिन्याच्या दृष्टीने मला सर्वांत जास्त देणारी कापडं ही:

केंटे: घानातल्या असांते आणि एवे लोकांचं. अरुंद पट्ट्या विणून त्या कडेला कड शिवतात. जोडकाम आणि चौकटी शिकवणारं कापड.

बोगोलानफिनी, थोडक्यात बोगोलान: मालीतल्या बामाना लोकांचं, चिखलाने रंगवलेलं. काळं-पांढरं, कोरीव काम आणि ऑक्सिडाइज्ड चांदीसाठी याच्याइतकं जवळचं दुसरं नाही.

कुबा: काँगोच्या कसाई भागातलं, राफिया ताडाच्या तंतूंचं. पुरुष विणतात, बायका त्यावर भरतकाम करून मखमलीसारखी लव काढतात.

अदिरे: नायजेरियातल्या योरुबांचं, निळीत रंगवलेलं. कसाव्याची खळ लावून किंवा राफियाने गाठी मारून रंग अडवतात. मिनाकाम करणाऱ्यांनी हे हाती घ्यावं.

पेलेते बिते: नायजर नदीच्या मुखाजवळच्या कलाबारी लोकांचं. हे सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण यात मूळ कापड आपल्याकडचं, मद्रासच्या चौकडीचं. कलाबारी बायका त्यातले ठरावीक धागे पात्याने कापून ओढून काढतात आणि उरलेल्या धाग्यांतून नवी नक्षी उभी राहते. जाळीकाम करणाऱ्याला याहून चांगला गुरू कुठे मिळेल?

काही कापडांना हात लावू नये असंही माझं ठाम मत आहे. क्रॉस नदीच्या परिसरातल्या एक्पे मंडळाचं उकारा हे निळं कापड त्यातलं. त्यावरच्या न्सिबिदी खुणा दीक्षा घेतलेल्या सभासदांपुरत्या असतात. सुंदर आहेत, पण आपल्यासाठी नाहीत.

खाली केंटे आणि बोगोलान हे दोन दागिने पूर्ण मापांसह देते आहे, कुबाची वाट थोडक्यात दाखवते.

पाहण्याचं काम, किमान आठवडाभर

हातात खरं कापड असेल तर उत्तमच. नसेल तर ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट किंवा वॉशिंग्टनचं आफ्रिकी कलेचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर मोठे फोटो मिळतात. धागा दिसेपर्यंत मोठे करून पाहा. पिंटरेस्टवरून सुरुवात करू नका. तिथे छापील नकला आणि खरं विणकाम एकाच रांगेत बसलेलं असतं आणि नवख्या डोळ्याला फरक कळत नाही.

वहीत या प्रश्नांची उत्तरं लिहा. सर्वांत लहान एकक कोणतं: पट्टी, ठिपका, गाठ की टाका? जोड कुठे आहे आणि तो लपवलेला आहे की दिसतो? रंग धाग्यातला आहे की वरून दिलेला? नक्षी काढलेली आहे की बाकीचं झाकून उरलेली? नियम कुठे मोडला आहे? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. हाताने केलेल्या कापडात नियम कुठे ना कुठे मोडतोच आणि तिथेच बहुतेकदा करणाऱ्याचा हात दिसतो.

मग चौकटीच्या वहीत कापडाचा जेमतेम पंजाएवढा भाग काढा, पण शिसपेन्सिलीने. रंग शेवटी. रंगांच्या मोहात रचना निसटते, हा माझा अनुभव आहे.

पहिला दागिना: पट्ट्यांचं पदक

असांते केंटे विणणाऱ्यांचं प्रसिद्ध गाव बोनवायर, कुमासी शहराजवळ. कोळ्याचं जाळं पाहून दोन भाऊ विणायला शिकले, अशी तिथली कथा. माग अरुंद असतो, पट्टी साधारण वीतभराहून कमी, दहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद. विणकर लांबच लांब पट्टी विणतो, मग तिचे तुकडे करून कडेला कड शिवतात. पुरुषाच्या मोठ्या वस्त्राला वीस-चोवीस पट्ट्या लागतात. पट्टीत दोन प्रकारचे भाग आलटून पालटून येतात: काही ठिकाणी ताण्याचे उभे धागे दिसतात, काही ठिकाणी बाण्याचे आडवे धागे इतके दाट बसवतात की ताणा पूर्ण झाकला जातो आणि रंगाची भरीव चौकट तयार होते. पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की या चौकटी बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडल्या जातात. विणताना विणकराला अख्खं वस्त्र समोर दिसत नसतं. पट्टी विणतानाच शेजारच्या पट्टीचा हिशोब त्याच्या डोक्यात असतो.

यातून दागिन्यासाठी मी तीन नियम घेतले. धातू हा ताणा, धागा हा बाणा. पट्ट्या वेगळ्या करायच्या आणि जोड दिसू द्यायचा. चौकटी एकाआड एक.

*माप.* चांदीच्या ०.८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या पाच पट्ट्या, प्रत्येक ८ मिलिमीटर रुंद आणि ६८ मिलिमीटर लांब. वर-खाली दोन-दोन मिलिमीटरची ओठी सोडून मधल्या ६४ मिलिमीटरमध्ये ८ मिलिमीटरचे आठ चौकोन आखा. पट्टी १, ३ आणि ५ मध्ये पहिला चौकोन कोरा, दुसरा धाग्याचा, असं खालपर्यंत. पट्टी २ आणि ४ मध्ये उलटं. पट्ट्यांची संख्या विषम ठेवण्याला कारण आहे: पहिली आणि शेवटची पट्टी सारखीच येते, त्यामुळे दोन्ही टोकांना वरचा चौकोन कोरा मिळतो आणि पदक तिथून समतोल टांगता येतं.

*कागदी नमुना.* पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, चौकोनांवर खरा धागा गुंडाळा, कड्यांच्या जागी दोऱ्याच्या गाठी मारा आणि दिवसभर गळ्यात घाला. हसू नका, याने पैसे वाचतात. माझ्या पहिल्या आराखड्यात पट्टी १२ मिलिमीटर रुंद होती. पुठ्ठ्याचं पदक घालून बसले, तेव्हा लक्षात आलं की ते छातीवर फळीसारखं उभं राहतं, अंगावर पडत नाही. कापड अंगावर पडायलाच हवं. पट्टी अरुंद केली आणि ते वळायला लागलं.

*कापणं.* आखणी टोकदार सुईने करा, मार्करची रेघ फार जाड पडते. सोनारी करवतीला २/० किंवा ३/० नंबरची पात लावा. पट्ट्या कापून झाल्या की धाग्याच्या प्रत्येक चौकोनाला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर आत घ्या, म्हणजे तिथे रुंदी ७ मिलिमीटर राहील. या खाचेत धागा बसतो, सरकत नाही आणि कडेला घासून तुटत नाही. खाचेच्या कडा कानशीने गोल करा. त्या धारदार राहिल्या तर रेशीम महिन्याभरात कापलं जातं. चांदीची घनता धरून हिशोब केला तर एक पट्टी साधारण सव्वाचार ग्रॅमची होते, पाचांचे २१ ग्रॅम. आधी पितळेत एक पट्टी करून पाहा, मगच चांदी कापा.

*भोकं.* इथे माझं डोकं पूर्वी अडलं होतं. शेजारच्या दोन पट्ट्या जोडायला समोरासमोर भोकं पाडावीत असं सहज वाटतं. पण कोऱ्या चौकोनासमोर नेहमी धाग्याचा चौकोन येतो आणि धाग्यातून कडी घालता येत नाही. कोरे चौकोन एकमेकांना भेटतात ते फक्त कोपऱ्यात. म्हणून भोकं कोपऱ्यांत पाडायची: पहिल्या पट्टीच्या कोऱ्या चौकोनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक, दुसऱ्या पट्टीच्या पुढच्या कोऱ्या चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दुसरं. दोन्ही कडांपासून १.३ मिलिमीटर आत खूण करा, पंचने हलका ठोका द्या आणि १.२ मिलिमीटरचं भोक पाडा. कडी तिरकी बसते. प्रत्येक जोडाला वर, मध्ये आणि खाली अशा तीन कड्या पुरतात. चार जोडांच्या मिळून बारा.

*कड्या.* ०.५ मिलिमीटर तारेच्या, आतून ४ मिलिमीटर व्यासाच्या, किल्ल्यांच्या कडीसारख्या दोन वेढ्यांच्या कड्या करा. त्यांना डाग द्यावा (आगीवर सांधावं) लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण धागा गुंडाळल्यावर जवळपास आग नेता येत नाही. शिवाय धागा मळला तर पट्ट्या सुट्या करून नवा गुंडाळता येतो. डाग द्यायचं जे काही असेल, म्हणजे टांगायच्या कड्या आणि साखळीचा आकडा, ते सगळं धाग्याच्या आधी उरकून घ्या.

*पृष्ठभाग.* कोऱ्या चौकोनांत बारीक सॅंडपेपरने फक्त उभ्या दिशेने रेघा ओढा. आरशासारखं पॉलिश नको. उभ्या रेघा म्हणजे ताणा. उजेड त्यावर धाग्यासारखा उतरतो.

*धागा.* ०.३ मिलिमीटर जाडीचं पीळदार रेशीम घ्या. आठ मिलिमीटरच्या चौकोनात त्याचे साधारण २६ वेढे बसतात, एका चौकोनाला जवळपास ४० सेंटिमीटर लागतो. वीस चौकोनांना आठ मीटर, टोकं आणि चुका धरून दहा-बारा मीटर आणा. सुरुवातीचं टोक पट्टीवर उभं धरून त्यावरूनच वेढे घ्या. शेवटचे पाच-सहा वेढे वेगळ्या दोऱ्याच्या फासावरून घ्या, टोक फासात अडकवा आणि फास ओढून ते वेढ्यांखाली नेऊन कापा. गोंद लावू नका, त्याचा पिवळा डाग वर येतो. हात बसत नसेल तर सराफी पेठेतल्या पटवेकऱ्याकडे जा. ठुशी, चिंचपेटी गाठवणाऱ्या हातांना हे काम क्षणात कळतं. मी गेले तेव्हा काकांनी पट्टी हातात घेऊन विचारलं, “हे वरून गुंडाळायचंय की विणल्यासारखं दिसायला हवंय?” तो प्रश्न माझ्या आराखड्यातल्या सगळ्या टिपणांपेक्षा नेमका होता. विणल्यासारखं हवं असेल तर वेढे अगदी चिकटून हवेत, एकावर एक चढता कामा नयेत आणि ताण शेवटपर्यंत सारखा हवा.

रंगांबद्दल सबुरी ठेवा. असांते लोकांत पिवळ्या-सोनेरीला वैभवाशी, हिरव्याला वाढीशी, तांबड्याला रक्त आणि त्यागाशी, काळ्याला परिपक्वतेशी आणि पूर्वजांशी, पांढऱ्याला शुद्धीशी जोडतात. तीनच रंग निवडा. एका चौकोनात ९ वेढे पिवळे, ८ हिरवे, पुन्हा ९ पिवळे, अशी पट्टेदार मांडणी केली की केंटेच्या बाण्याची आठवण येते. मग एका चौकोनात, फक्त एकाच, क्रम बदला.

हे रेशीम गुंडाळताना मला एक जुनी गोष्ट नेहमी आठवते. अठराव्या शतकात असांते दरबारात परदेशी व्यापाऱ्यांकडून रेशमी कापड विकत घ्यायचे, ते उसवायचे आणि निघालेल्या रंगीत धाग्यांनी स्वतःचं केंटे विणायचे. तयार सुंदर कापड हातात असताना ते धागा धागा सुटं करण्याची हिंमत त्या विणकरांत होती. म्हणूनच जुनी फाटकी रेशमी साडी घरी असेल, तर तिचे धागे काढून वापरून पाहा. कमजोर असतील तर दोन धागे एकत्र पिळा.

दुसरा दागिना: चिखलाच्या रीतीने कानातले

बामाना भाषेत बोगो म्हणजे चिखल, लान म्हणजे ‘च्यामुळे’ आणि फिनी म्हणजे कापड. पुरुष सुती पट्ट्या विणतात, बायका रंगवतात. कापड आधी न्गल्लामा झाडाच्या पानांच्या काढ्यात बुडवून पिवळं करतात. त्यात टॅनिन असतं. मग तळ्यातून आणून मडक्यात दीर्घकाळ आंबवलेला, लोहाचा अंश असलेला चिखल काडीने किंवा पात्याने लावतात. टॅनिन आणि लोह भेटले की काळा रंग धाग्यातच धरतो. चिखल धुतला जातो, काळं राहतं. हिरडा आणि लोहाचं पाणी वापरून काळा रंग काढणाऱ्या आपल्या रंगाऱ्यांना हे रसायन ओळखीचं आहे.

पण दागिना करणाऱ्याने थांबून पाहावं ते पुढे आहे. बोगोलानमध्ये पांढरी नक्षी काढलेली नसते. बाई नक्षीच्या भोवतालची सगळी जमीन चिखलाने भरत जाते आणि नक्षी उरते. रंगवणारीचं लक्ष सतत पोकळीवर. शेवटी उरलेल्या भागातला पिवळेपणा क्षारयुक्त लेपाने घालवून तो उजळ करतात.

धातूत याचं भाषांतर जवळपास जसंच्या तसं होतं: नक्षी झाकायची, भोवतालचा धातू रसायनाने खाऊ द्यायचा, खोलगट जमीन काळी करायची, उरलेली नक्षी घासून उजळ करायची. पहिल्या खेपेला तांबं वापरा. ते स्वस्त आहे आणि दोन्ही रसायनांना साथ देतं. धातू खाणारं फेरिक क्लोराइड चांदीसाठी चालत नाही आणि पितळेवर गंधकाचं काळं नीट धरत नाही. मी दोन्ही करून वेळ घालवला आहे.

०.८ मिलिमीटर पत्र्याचे ३५ बाय १८ मिलिमीटरचे दोन तुकडे कापा. एक साडेचार ग्रॅमचा होतो, कानाला जड नाही. भांडी घासायच्या पावडरीने घासून धुवा, पाणी थेंब न होता पसरायला लागलं की पत्रा स्वच्छ. यानंतर बोट लावू नका.

नक्षी नेलपॉलिशने काढा. बारीक ब्रश किंवा टूथपिक. मागची बाजू आणि कडा टेपने झाका. नक्षी कुठली, हा प्रश्न इथे नीट सोडवायला हवा. बोगोलानच्या खुणांना अर्थ आहेत आणि हे कापड शिकाऱ्यांच्या आणि बाळंतिणींच्या रक्षणासाठी वापरलं जात आलं आहे. मालीचा डिझायनर क्रिस सेदू (१९४९-१९९४) याने बोगोलान आधुनिक पोशाखात आणलं, पण अर्थ असलेल्या जुन्या कापडावर कात्री चालवायला तोही कचरत असे. म्हणून तो नक्षी साधी करून, वेगळी मांडून नवं कापड रंगवून घ्यायचा. आपणही तेच करावं. नागमोडी रेघ, ठिपक्यांची ओळ, तुटक रेघा, फुली एवढ्या साध्या घटकांपासून स्वतःची मांडणी करा. एखादी ठरावीक अर्थाची खूण उचलू नका. दोन कानातले आरशातल्यासारखे सारखे करू नका. एक सलग कापड मध्ये कापून दोन तुकडे झालेत असे वाटू द्या, म्हणजे एकातली नागमोड दुसऱ्यात पुढे जाते.

फेरिक क्लोराइड मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, सर्किट बोर्डसाठी वापरतात तेच. प्लास्टिकच्या डब्यात ओता. धातूचं भांडं चालणार नाही, ॲल्युमिनियमचं तर मुळीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. पत्रा नक्षीची बाजू खाली करून टेपने लटकवा, म्हणजे सुटलेला गाळ खाली पडतो आणि कडा स्वच्छ येतात. दर पंधरा मिनिटांनी उचलून, धुवून, नखाने खोली तपासा. पाव मिलिमीटरजवळ खोली आली की पुरे. साध्या तापमानाला पाऊण ते दीड तास लागतो. बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं विरघळलेलं असतं. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून फेस थांबू द्या, गाळ बसू द्या आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

नेलपॉलिश ॲसिटोनने काढलं की टांगण्याचं भोक पाडा. मग काळं करणं. लिव्हर ऑफ सल्फर या धातू काळं करणाऱ्या गंधकाच्या रसायनाचा वाटाण्याएवढा खडा ग्लासभर गरम पाण्यात, उकळत्या नाही. कुजक्या अंड्याचा वास येतो, म्हणून हे गॅलरीत करा. आणि हे पाणी कुठल्याही आम्लाजवळ नेऊ नका, विषारी वायू सुटतो. पत्रा बुडवून काढा, धुवा, पुन्हा बुडवा. सोनेरी, जांभळा, निळा असे रंग चढत शेवटी काळा येतो. घाई केली तर जाड थर चढतो आणि पापुद्रे सुटतात. बोगोलानलाही चिखल एकदा लावून भागत नाही, लावणं आणि धुणं पुन्हा पुन्हा करावं लागतं.

आता सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक सॅंडपेपर गुंडाळून वरचा भाग घासा. नक्षी लालसर उजळते, जमीन काळी राहते. मेण लावून कापडाने पुसा. कानातली तार मात्र चांदीची घ्या, तांब्याने कान हिरवे होतात.

कुबाची वाट

कुबा कापडात सारखी नक्षी चालू असताना अचानक मोडते, रेघ जाड होते, चौकट सरकते. या अनियमितपणामागे भक्कम भूमिती आहे. गणिती डोनाल्ड क्रो यांनी कुबा कलेचा अभ्यास करून दाखवलं, की पट्टीवर नक्षी पुनरावृत्त करण्याचे गणिताने शक्य असलेले सातही प्रकार आणि प्रतलावरच्या १७ पैकी १२ प्रकार त्यात सापडतात. बांगडी किंवा कड्यासाठी पट्टीचे सात प्रकार सोन्यासारखे आहेत.

करून पाहायला सोपं: खोडरबरवर एक वाकडा, कुठल्याही बाजूने सारखा नसलेला आकार कोरा. कागदाच्या पट्टीवर तो नुसता सरकवत छापा. दुसऱ्या पट्टीवर प्रत्येक वेळी अर्धा फेरा फिरवून. आरशातला छाप हवा असेल तर उलटा आकार दुसऱ्या खोडरबरवर कोरा आणि मग आडवा आरसा, उभा आरसा, सरकवून आरसा असे करत जा. त्यातली आवडलेली पट्टी तांब्याच्या कड्यावर वरच्याच पद्धतीने कोरा आणि बांगडीच्या जोडापाशी, जिथे नक्षी नाहीतरी जुळत नाही, तिथे मुद्दाम प्रकार बदला.

चिठ्ठी आणि किंमत

दागिन्यासोबत चिठ्ठी द्या. “आफ्रिकन ट्रायबल” लिहू नका. लिहा: “घानातल्या असांते केंटेच्या पट्टीरचनेवरून. चांदी आणि रेशीम. आराखडा आणि काम पुण्यात.” घानाच्या २००५च्या कॉपीराइट कायद्याने केंटे आणि आदिंक्राच्या (असांते लोकांच्या अर्थ असलेल्या छाप-चिन्हांच्या) पारंपरिक नक्षी देशाचा ठेवा मानल्या आहेत आणि त्यांचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे ठेवले आहेत. केंटेचं विणकाम डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलं. म्हणून नावाजलेली केंटे नक्षी किंवा आदिंक्राची खूण जशीच्या तशी पत्र्यावर कापून विकणं मला मान्य नाही. जमत असेल तर तिथल्या विणकराकडून एक पट्टी विकत घ्या, अभ्यासाला तीच सर्वांत चांगली, आणि तिचा खर्च दागिन्यांच्या किमतीत थोडा थोडा धरा.

किमतीत धातू, रेशीम, पटवेकऱ्याची मजुरी आणि तुमचे तास स्वतंत्र लिहा. पहिल्या पदकाला मला चार दिवस लागले, तिसऱ्याला दीड. गिऱ्हाइकाला सांगून ठेवा: हे पदक चांदीच्या डिपमध्ये बुडवायचं नाही, कोरड्या कापडाने पुसायचं, अत्तर दूर ठेवायचं. आणि वर्ष-दोन वर्षांनी रेशीम मळलं की घेऊन यायचं. बारा कड्या सोडवायच्या, जुना धागा उलगडायचा, नवा गुंडाळायचा. एका दुपारचं काम आहे, आणि रंग त्या वेळी बदलून हवे असतील तर तेही करून देता येतात.